श्रावणी सोमवारचं पुडकं

उत्तनहून भाईंदरला मासे विकायला येणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. टोपली उतरवताना ती अख्ख्या चाळीला शिव्या घालायची. सोमवारी मात्र फिरकत नसे. आणीबाणीतल्या एका श्रावणी सोमवारी ती आली आणि मुकाट्याने माझ्या हातात पुडकं कोंबलं. बंदी घातलेली पत्रकंच असणार!

"मावशी, तुरुंगात सडेन, पण तुमचं नाव सांगणार नाही!" मी गर्जलो.

"हळू बोल, मेल्या! सुके बोंबील हायत. तुझ्या बापानं मागवलेत. त्याला श्रावण सोसत न्हाय."

तेवढ्यात आई आली. "काय रे ते?"

बाबांना वाचवणं भाग होतं. "सरकारविरोधी पत्रकं."

आईने घाबरून पुडकं हिसकावलं आणि पेटत्या चुलीत घातलं. क्षणात भाजलेल्या बोंबलांचा वास चाळभर पसरला. शेजारीपाजारी बाहेर आले.

गल्लीच्या टोकाशी पोचलेली मासेवाली ओरडली, "मी आज आलेच न्हाय!"