फिरत्या ढालीची राहिलेली शर्यत

अप्पर हटहून निघालो तेव्हा गाडीत पुढच्या सीटवर आमची शेजारीण नोलीन बसली होती आणि तिच्या मांडीवर, सीटबेल्टच्या आत, एक लाकडी ढाल होती. मागच्या सीटवर मी, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा आणि स्वेटरांचा ढीग. गाडी माझा मुलगा निखिल चालवत होता. तो एरवी ट्रेनने वेलिंग्टनला कामाला जातो आणि शनिवारी उशिरापर्यंत झोपतो. हा शनिवार मी त्याच्याकडून हक्काने मागून घेतला होता.

नोलीनची आणि माझी ओळख कुंपणावरून झाली. कराडच्या एका शाळेत पीटीची बाई म्हणून माझा जन्म गेला, त्यामुळे सकाळी हातपाय हलवल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. निखिलकडे काही महिने राहायला आले होते, तिथे मागच्या अंगणात माझा व्यायाम चालला होता, तर पलीकडून आवाज आला, "गुडघे अजून वर!" मी रागाने वळून बघितलं. पांढऱ्या केसांची, माझ्याहून थोडी मोठी बाई झाडाची लिंबं तोडत उभी होती. तीही निवृत्त पीटीची बाई निघाली. मग काय, गट्टी जमायला वेळ लागला नाही. मला आयुष्यभर सगळे 'बाई' म्हणत आले, ही मला पहिल्या दिवसापासून नुसतं 'शाल' म्हणते. शालिनी तिच्या तोंडात मावत नाही.

ढालीची गोष्ट तिने मला एका दुपारी तिच्या गॅरेजमध्ये सांगितली. इथे कॉलेज म्हणजे आपलं हायस्कूल. हट खोऱ्यातल्या आणि डोंगरापलीकडच्या वैरारापातल्या छोट्या कॉलेजांनी मिळून कधीकाळी एक मैदानी स्पर्धा सुरू केली होती. दर वर्षी एकाचं यजमानपद, बाकीच्यांनी बस भरून यायचं, दिवसभर धावायचं, उड्या मारायच्या, गोळा फेकायचा आणि ज्याचे गुण जास्त त्याने फिरती ढाल घरी न्यायची. इथपर्यंत सगळं आपल्या तालुका स्पर्धेसारखंच. पण त्यांचा एक रिवाज होता. गुणांची बरोबरी झाली तर नाणं उडवायचं नाही. त्या दोन्ही कॉलेजांच्या पीटी शिक्षकांनी सगळ्या मुलांसमोर धावायचं आणि ढालीचा निकाल लावायचा. आमच्याकडे हा नियम असता तर निम्म्या सरांनी स्पर्धेच्या दिवशी आजारपणाची रजा टाकली असती.

शेवटच्या वर्षी अशी बरोबरी झाली. नोलीनचं कॉलेज आणि डोंगरापलीकडच्या हेमीसरांचं कॉलेज. दोघं रेषेवर उभे राहिले, मुलांनी आरडाओरडा करून मैदान डोक्यावर घेतलं आणि तेवढ्यात बसचा ड्रायव्हर धावत आला. डोंगरावर बर्फ पडायला लागलाय, रस्ता बंद होईल, मुलांना आत्ताच्या आत्ता बसमध्ये घाला. "पुढच्या वर्षी धावू," असं ठरलं. आदल्या वर्षीची विजेती म्हणून ढाल तात्पुरती नोलीनकडे राहिली. पण पुढचं वर्ष उजाडायच्या आत तिकडचा मटणाचा मोठा कारखाना बंद पडला, घरंच्या घरं गाव सोडून गेली, हेमीसरांचं कॉलेज दुसऱ्यात विलीन झालं. बाकीच्यांना बसचा खर्च परवडेना. स्पर्धा बंद झाली असं कुणी जाहीरही केलं नाही. ढाल कुणी मागितली नाही.

आता नोलीन घर विकून ऑकलंडला, बॉटनी डाउन्समध्ये लेकीकडे राहायला चालली होती. लेकीचं घर छोटं. ती म्हणाली, आई, ते लाकडी फळकूट ऑप शॉपला (जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानाला) देऊन टाक.

"शाल, ही माझी नाही," नोलीन मला म्हणाली होती. "इतकी वर्षं माझ्या भिंतीवर आहे आणि माझी नाही. हेमीला देऊन टाकते आणि मोकळी होते." हे बोलताना ती ढालीवरची धूळ पदराने पुसावी तशी स्वेटरच्या बाहीने पुसत होती. मला तिच्याबद्दल फार माया वाटली.

तर असे आम्ही निघालो होतो. रिमुटाका डोंगराचा घाट आपल्या घाटांपेक्षा अरुंद आणि वळणं अशी की निखिलने रेडिओ बंद केला. "आई, टॉपला हेवी विंड असतो हं, गाडीतून उतरू नका," तो म्हणाला. आम्ही अर्थातच उतरलो. दार उघडल्याबरोबर वाऱ्याने ढाल सुपासारखी उचलली आणि ढालीबरोबर नोलीनलाही. मी तिच्या कमरेला मिठी मारली, निखिलने ढाल धरली. खाली दरीत पिवळी फुललेली काटेरी झुडपं आणि त्यापलीकडे सपाट, हिरवं वैरारापा पसरलेलं होतं. बघायला धड दोन क्षण मिळाले. मग निखिलने आम्हा दोघींना शाळकरी पोरींसारखं रागावून गाडीत बसवलं.

डोंगर उतरल्यावर पहिल्या गावात एका डेअरीपाशी (कोपऱ्यावरचं किराणा दुकान) थांबलो. नोलीन ढाल गाडीत ठेवायला तयार नव्हती, ती बगलेत घेऊनच आत आली. काउंटरवरची मुलगी तिच्याकडे बघून हसली. "वा, काय जिंकलात?"

"अजून काही नाही," नोलीन म्हणाली.

हेमीसरांचं घर त्यांच्या जुन्या कॉलेजच्या मैदानाला लागूनच आहे. कॉलेजची इमारत केव्हाच पाडली, मैदानावर आता मेंढ्या चरतात. सर फाटकाशी गमबूट घालून उभे होते. उंच, रुंद खांद्यांचे माओरी गृहस्थ, एका हातात काठी. "किया ओरा (नमस्कार)," ते म्हणाले आणि नोलीनच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावून डोळे मिटून उभे राहिले. हीच इथली मानाची भेट. ती जरा जास्त वेळ चालली. मग त्यांनी माझी आणि निखिलचीही तशीच भेट घेतली. मी आयुष्यात परपुरुषाच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच गेले असेन, पण संकोच वाटला नाही.

जेवायला त्यांनी मांसाचा रस्सा केला होता. मी शाकाहारी म्हटल्यावर त्यांनी चटकन कणीक तिंबून तळणीत जाड, फुगलेले तुकडे सोडले. आपल्या भटुऱ्याच्या जातीचा हा प्रकार ते मुरंब्याशी खातात. मी माझा डबा उघडला. त्यांनी एक तिखटमिठाची पुरी तोंडात टाकली, मग दुसरी, मग डबाच स्वतःकडे ओढला.

जेवण झाल्यावर नोलीन उभी राहिली. तिने ढाल टेबलावर त्यांच्यासमोर ठेवली. "ही घे, हेमी. मी चालले ऑकलंडला."

सरांनी ढालीकडे बराच वेळ बघितलं. तिच्यावरच्या छोट्या चकत्यांवर जिंकलेल्या कॉलेजांची नावं होती, शेवटची चकती कोरी होती. त्यांनी ती बोटाने चाचपली आणि ढाल परत तिच्याकडे सरकवली.

"न जिंकता कशी घेऊ? माझी तेव्हाची शाळेतली मुलं आता आजी-आजोबा झालीत. बाजारात भेटली की अजून विचारतात, सर, ती शर्यत कोण जिंकलं असतं? त्यांना काय सांगू, नोलीनने टपालासारखी आणून दिली?"

"मलाही विचारतात," नोलीन हळूच म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली. "शाल, तुझ्याकडे शिट्टी आहे ना?"

होती. माझ्या पर्समध्ये चष्मा नसेल एखाद वेळी, शिट्टी असते.

"आई, अगं सरांचं हिप रिप्लेसमेंट झालंय," निखिल मराठीत माझ्या कानाशी कुजबुजला. "काही झालं तर?"

"तू गप्प बस आणि मैदा माग त्यांच्याकडून," मी म्हटलं.

मैदानावर फक्की मारायची तर चुना कुठला आणणार? मैद्याची रेघ मारली. निखिलने मारलेली वाकडी आली म्हणून मी पुसून पुन्हा मारली. शेवटची रेषा जुन्या पाण्याच्या टाकीपाशी. तिथे निखिल पंच. सरांनी काठी कुंपणाला टेकवली, गमबूट काढले आणि ओल्या गवतात अनवाणी उभे राहिले. नोलीनने बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलंही नाही. मेंढ्या मात्र सगळ्या आमच्याकडे बघत होत्या.

आयुष्यभर असंख्य शर्यती सोडल्या, पण दोन पीटी शिक्षकांची कधी नाही. "जागा घ्या," शिट्टी गळ्यात अडकवून मी मराठीतच म्हणाले, सवयच ती. "तयार!" आणि शिट्टी मारली.

शिट्टी मारणाऱ्याला शर्यतीत फक्त पाठी दिसतात. मला दोन म्हाताऱ्या पाठी दिसल्या. धावणं कसलं, भरभर चालण्याच्या जरा पुढचं काहीतरी. सर लंगडत होते पण त्यांची ढांग मोठी होती, ते पुढे गेले. मग नोलीनचे गुडघे वर यायला लागले. वर, अजून वर. मी ओरडत होते, कुणाच्या नावाने ते मला आठवत नाही. टाकीपाशी दोघं एकदमच पोचल्यासारखे वाटले. मग निखिलचा हात वर गेला.

"नोलीन!" तो ओरडला. "हातभर अंतराने. पण क्लिअर, आई, एकदम क्लिअर."

मी पोचले तेव्हा नोलीन गवतात बसून रडत होती. "मी ही द्यायला आणली होती तुला," ती धापा टाकत म्हणत होती.

"आणि आता मी देतोय," सर म्हणाले. त्यांनी निखिलला घरातून ढाल आणायला सांगितली. मग ताठ उभे राहून, समोर शेकडो मुलं बसल्यासारखी, दोन्ही हातांनी ती तिला दिली आणि हात मिळवला. नोलीनने ढाल छातीशी धरली.

"माझी," ती म्हणाली. "लेकीला सांगते, आता ही सामानात येणार."

"पण नियम लक्षात आहे ना? जिंकणाऱ्याने पुढच्या वर्षी ढाल घेऊन मैदानावर हजर व्हायचं." मग सर माझ्याकडे वळले. "आणि शर्यत सोडायला बाहेरचंच माणूस लागतं." त्यांनी तळहात पुढे केला. आधी मला कळलंच नाही. मग मी गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली. ती त्यांनी स्वयंपाकघरात, दाराशी, खिळ्याला अडकवली.

परतताना घाटात वारा पडला होता. नोलीन ढालीवर हनुवटी टेकवून झोपली होती, निखिल हलकेच गाडी चालवत होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी शाळेतून निघाले तेव्हा मैदानाकडे वळून बघायची माझी हिंमत झाली नव्हती. सगळं संपलं असं मी मनाशी धरून बसले होते. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की एखादी शर्यत राहिली असेल तर माणसाने खुशाल पुढच्या वर्षाची वाट बघावी.

कराडला आल्यावर परवा चालायचे बूट घ्यायला बाजारात गेले. खेळाच्या सामानाचं दुकान माझ्याच एका विद्यार्थ्याचं आहे, लांब उडी मारायचा. त्याने बूट बांधून दिले, मग शाळेत कायम शिट्टी असायची त्या माझ्या गळ्याकडे बघून म्हणाला, "बाई, शिट्टी हरवली वाटतं. नवीन देऊ?"

"हरवली नाही रे," मी म्हटलं. "जरा लांब ठेवलीये. घ्यायला जायचंय."