पहिला प्रश्न आप्पांचा

व्याख्यानमाला संपली, सतरंज्या गुंडाळल्या, की वक्ता काय बोलला ते गाव विसरतं. पण नंतर काय झालं ते नातवंडांपर्यंत जातं. म्हसावदच्या आमच्या वाचनालयात मी पाहुण्यांची ओळख करून देतो आणि आभार मानतो. त्यामुळे माझ्याकडे असल्या किश्शांचा ढीग साचलाय.

आमचा एक रिवाज आहे. भाषण संपलं की पहिला प्रश्न आप्पांचा. माला त्यांनीच सुरू केली, पपईच्या शेतातून थेट सभेला येत. प्रश्नही दरवर्षी तोच: "साहेब, हाई आम्हना गावले कव्हय येई?" म्हणजे, हे आमच्या गावात कधी येणार?

*

पुण्याचे एक प्राध्यापक परराष्ट्र धोरणावर बोलले. बंदरं, करार, समुद्र. आप्पा उठले आणि तेच विचारलं. प्राध्यापक हसून म्हणाले, "आजोबा, हे देशाचं धोरण आहे, गावाचं नाही."

"मंग आम्हनं गाव कोनता देशमा शे?"

प्राध्यापकांनी पाणी मागितलं.

*

एका पुढाऱ्याला कुणीतरी आधीच सावध केलं होतं. त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं, "ही योजना तुमच्या गावात लवकरच येणार." टाळ्या पडल्या. आता आप्पा काय विचारणार, म्हणून मी आभाराला उठलो.

मागून आवाज आला, "लवकर म्हंजे कव्हय?"

*

एका निवृत्त अधिकाऱ्यांनी मात्र आप्पांचा प्रश्न कागदावर लिहून घेतला. मग म्हणाले, "नोकरीत मला हे कुणी विचारलंच नाही." त्या रात्री ते आप्पांकडेच मुक्कामाला राहिले. माणूस मला आवडला.

*

आप्पांचे हात थरथरतात, म्हणून माईक धरायला सलीमभाई. मंडप आणि लाउडस्पीकर त्याचाच. "हॅलो, माईक टेस्टिंग" यापलीकडे तो माईकमध्ये कधी बोलला नाही. एकदा मी त्याला चिडवलं, "अरे, तूही विचार की काहीतरी."

"गुरुजी, मन्हं काम माईक धरानं शे."

*

यंदा आप्पांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी आवाजाची खात्री दिली नाही. आदल्या दिवशी मी भेटायला गेलो, तर त्यांना जिवापेक्षा सभेची काळजी. "माले बोलता नही उनं ते कोन इचारी?"

मी म्हणालो, "मी विचारीन."

"तुम्हले ते आभार मानना शेतस," आप्पा म्हणाले. बोलणं खरं होतं, म्हणून मला लागलं.

आवाज गेला तो गेलाच.

*

यंदाच्या मालेतलं शेवटचं व्याख्यान राज्यघटना आणि नागरिक यावर होतं. नाशिकच्या बाई छान बोलल्या. भाषण संपलं आणि आप्पा सवयीने उठले. सलीमभाईही सवयीने माईक घेऊन गेला. आप्पांचे ओठ हलले. लाउडस्पीकरमधून नुसता श्वास ऐकू आला. सगळं गाव मान खाली घालून बसलं. मला ते बघवेना, म्हणून मी आभाराला उठलो.

तेवढ्यात सलीमभाईने माईक स्वतःच्या तोंडापाशी नेला. "म्याडम, आप्पा इचारी ऱ्हायनात, हाई आम्हना गावले कव्हय येई?"

बाईंनी आप्पांकडे बघत सावकाश उत्तर दिलं. जे माहीत नव्हतं, ते माहीत नाही म्हणाल्या. आप्पांनी मान डोलावली आणि ते खाली बसले.

मी आभारासाठी माईक मागायला हात पुढे केला. सलीमभाईने तो दिला नाही.

"थांबा गुरुजी," तो म्हणाला. "आते मन्हा प्रश्न."