बाहेरची कडी

दत्तू गेला ती दुपारची वेळ होती. जेवून आपल्या खोलीत आडवा झाला तो उठलाच नाही. चहाला हाक मारली, ओ आली नाही, म्हणून मी दार ढकललं. गल्लीतले डॉक्टर आले, तपासलं आणि दाखला लिहायला बसले. मी म्हटलं, "दार नुसतं लोटलेलं हुतं, डॉक्टर. कडी न्हवती. पंखा चालू हुता. लिवा तेवढं." ते म्हणाले, "आक्का, ह्या दाखल्यात दाराचं काही लिहीत नाहीत." "न्हाय तर न्हाय. म्या सांगितलंय, एवढं ध्यानात ठेवा." लोकांना वाटलं, म्हातारीला धक्का बसलाय. बसलाच होता. पण दाराचं का सांगितलं ते लिहायला बसले आहे.

दत्तू माझा धाकटा भाऊ. सगळी नोकरी फायर ब्रिगेडमध्ये काढली. त्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, मीही विधवा. म्हणून शेवटची वर्षं आम्ही दोघंच ह्या घरात. मेला म्हणून त्याला देवमाणूस करणार नाही. तापट होता, रश्श्यात मीठ कमी पडलं की ताट सरकवायचा. आगीत शिरायला मात्र त्याला सांगावं लागत नसे. कंटाळा होता तो लिहिण्याचा, आणि तो तिथं सगळ्यांनाच होता. आग विझवून आलं की अहवाल लिहावा लागे. तेव्हाची रीत अशी, की मागचा अहवाल समोर ठेवायचा, तारीख आणि पत्ता बदलायचा, बाकीचं उतरवून काढायचं. 'दरवाजा तोडून आत प्रवेश केला व पाण्याचा मारा करून आग आटोक्यात आणली.' दार सताड उघडं असलं तरी हेच वाक्य. वरचे साहेब सही करत. वर्षानुवर्षं कुणाचं काही अडलं नाही.

मग एका सकाळी एका घरातून आगीची वर्दी आली. स्वयंपाकघरात सविता नावाची सून जळत होती आणि घरचे अंगणात उभे होते. धुरातून दत्तू सगळ्यात पुढं गेला. स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी होती. हातमोजा चढवायला सवड नव्हती, त्यानं तशीच ओढली. लोखंड तापलेलं. उजव्या तळहातावर आडवा डाग उठला तो जन्मभर राहिला. पोरीला बाहेर आणली, पण ती वाचली नाही. सासरचे सांगू लागले, स्टोव्हचा भडका उडाला, दार नुसतं लोटलेलं होतं. इकडे दत्तूनं हाताला मलम लावून घेतला आणि अहवाल लिहिला... मागचा समोर ठेवून. पोलिसांनी त्याचा जबाबही त्याच कागदावरून उतरवला. "हात ठणकत हुता, आक्का. सही केली आन् घरला आलो," असं तो नंतर मला म्हणाला.

सासरच्यांवर खटला उभा राहायला बरीच वर्षं गेली. साक्षीच्या दिवशी तो म्हणाला, "चल गं संगट." मी मागच्या बाकावर बसले. आरोपींच्या वकिलांनी विचारलं, "दार तोडलंत?"

"न्हाय साहेब. कडी काढली. भाइरनं हुती."

"अहवाल कुणी लिहिलाय?"

"मीच."

"वाचा मोठ्यानं."

दत्तूनं वाचला. मग वकिलांनी पंचनामा वाचला. त्यात दार धड होतं, कुठं तडा नाही, फळी निखळलेली नाही. "म्हणजे तुमच्या कागदावर तोडलेलं, पंचनाम्यात धडधाकट, आणि आज बाहेरून कडी. दार एकच होतं ना हो?" कोर्टात लोक हसले. दत्तूनं तळहात वर करून दाखवला. वकील म्हणाले, "आगीत काम करणाऱ्याच्या हाताला डाग असायचाच. ह्याचा उल्लेख अहवालात आहे का?" नव्हता. सगळे सुटले. मी न्यायाधीशांना दोष देत नाही. त्यांच्यापुढं दोन दत्तू होते, एक लिहिणारा आणि एक बोलणारा. बोलणारा खरा होता, हे त्यांना कळावं कसं?

सविताची आई शिरोळकडची. निकालादिवशी तिनं दत्तूला कोर्टाच्या पायऱ्यांवर गाठलं. मला वाटलं, शिव्या देईल. ती हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, कडी तुमीच काढलीसा न्हवं?"

"व्हय."

"मग लिवलं का न्हाईसा?"

 त्यानंतर आम्ही नृसिंहवाडीला निघालो की शिरोळ येईतोवर दत्तू बरा असायचा, मग डोळे मिटून घ्यायचा. एस्टी पुढं सरकली, की मी कोपरानं ढोसून सांगायची, "गेलं मागं."

तेव्हापासून कुठल्याही दाराशी तो थांबायचा आणि मोठ्यानं बोलायचा. "कडी आतनं. दिवा बंद. खिडकी उघडी." लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा. बरोबरचे चेष्टा करत, "कडीमामा आलं रे, दारं सांभाळा." त्याला फरक पडत नसे. नव्यानं भरती झालेल्यांच्या मागं मात्र तो हात धुऊन लागला. "हातानं केलं तेवढंच लिवायचं. ढकललं तर ढकललं, तोडलं तर तोडलं. बघितलं न्हाई तर न्हाई म्हणून लिवा." अँब्युलन्सवरच्यांनाही सोडत नसे. "पेशंट बोलला त्येच लिवा, त्येच्याच शब्दात. तुमचं शानपण घरी ठेवा." पुढं नव्या पोरांतल्या एकाचा अहवाल दुसऱ्या एका खटल्यात कोर्टानं धरला, गुन्हेगाराला शिक्षा झाली. पोरं पेढे घेऊन आली. ह्यानं पुडा देवापुढं ठेवला, स्वतः खाल्ला नाही. म्हणाला, "त्याला दिसलं, त्यानं लिवलं. मला बी दिसलंच हुतं की."

निवृत्त झाल्यावर त्यानं घरातल्या आतल्या दारांच्या बाहेरच्या कड्या स्क्रू काढून उतरवल्या. स्वतःच्या खोलीला आतूनही कडी लावत नसे. मी म्हणायची, "लाव की, मांजर शिरतंय." "शिरू दे." दुपारी त्याचा डोळा लागला, की उजवा हात हवेत उठायचा, मूठ वळायची आणि एकदा ओढ घ्यायची. मी उठवत नसे. उठवून काय सांगणार?

न्यायच्या आधी त्याला बाहेर सोप्यात, ओसरीवर ठेवला होता तेव्हा सविताची आई आली. कुणी कळवलं, ठाऊक नाही. फार थकलीय आता. ती त्याच्या उशाशी बसली, उजवा हात उलटा केला आणि डागावरून अंगठा फिरवला. मग मला म्हणाली, "कुठल्या खोलीत गेलं?" मी दाखवली. ती आत जाऊन आली, बाहेर उभी राहिली, कडी उतरवलेल्या जागच्या भोकांना तिनं बोटं लावली.

"दार कसं हुतं?"

"नुसतं लोटलेलं," मी म्हटलं, आणि बोलल्यावर मला कळलं, तिच्या पोरीच्या सासरच्यांनी हेच शब्द वापरले होते. 

"तुमी बघितलं?"

"म्या ह्या हातानं ढकललं."

तिनं मान हलवली. पाणी दिलं, ते घेतलं नाही. गेली.

अजून महिना व्हायचाय. दुपारी चहाचं आधण ठेवायच्या आधी मी त्या दाराशी जाते. आत कुणी नाही हे ठाऊक असतं. तरी उभी राहते आणि मोठ्यानं सांगते. दार लोटलेलं. खिडकी उघडी. पंखा बंद.