नानांच्या आल्बममधली मुंबई

माझे सासरे, नाना, धुळ्याच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले होते आणि मुंबईचे जाणकार म्हणून मिरवत होते. मुंबई त्यांनी पाहिली नव्हती. त्यांची धाव भुसावळपर्यंत, तीही एकदाच, कुणाच्या तरी लग्नाला. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांना जुन्या रस्त्यांच्या फोटोंचा आल्बम मिळाला होता, तेवढीच काय ती विद्या.

रोज दुपारी चार रिकामटेकडे ओसरीवर जमत. नाना फोटोवर काडी टेकवून इलाख्याच्या राजधानीचा इतिहास सांगत. इथे पूर्वी तळं होतं, इथून घोड्यांची ट्राम जायची. काही फोटोंखाली इंग्रजीत नावं होती. ज्यांच्याखाली काहीच नव्हतं, तेही नानांनी मुंबईलाच देऊन टाकले होते. ऐकणारे माना डोलवत. त्या माना बघूनच मला चीड यायची.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझा भाऊ जामनेरहून मला न्यायला आला. आखाजीला लेकी माहेरी जातात, गौराई मांडतात, झोके घेतात. हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही; नानांना सांगावं लागलं.

"असले गावंढळ प्रकार राजधानीत चालत नाहीत," ते म्हणाले. "आपण का चालवावेत?"

मी त्या एका दिवसाकडे डोळे लावून बसले होते. रडूच आलं असतं, पण समोर आल्बम उघडा होता. त्यात एक गल्ली होती. निंबाला झोका, झोक्यावर तीन मुली, आणि पायरीवर मांडलेली गौराई. कुठल्याही खानदेशी पोरीनं दुरून ओळखलं असतं. आदल्याच दिवशी नानांनी त्या मुली मुंबईच्या कुणा शेटजीच्या लेकी ठरवल्या होत्या.

"नाना," मी पदर सावरत म्हटलं, "मुंबईतही आखाजी असायची म्हणा की."

नानांनी चष्मा पुसला. फोटो मुंबईचा नाही म्हणावं, तर चार लोकांत शोभा.

"असायची. पूर्वी असायची," ते म्हणाले. मग मोठ्या मनानं, "मुंबईत होती तर हरकत नाही. जा."

आईकडे जायला मला मुंबईची परवानगी लागली. मी आत येऊन बोचकं बांधू लागले.

सासूबाई आल्बम कपाटात ठेवायला आल्या; ते रोजचं काम त्यांचं. त्यांनी तोच फोटो काढला आणि मधल्या मुलीवर बोट ठेवलं.

"हाई मी शे. मागली गल्ली. मन्हं माहेर."

मागली गल्ली म्हणजे आमच्या परसदारापासून शंभर पावलं.

"नानांना कधी सांगितलं नाहीत?"

"कोनी इचारंच नही."

"आणि आखाजीला जाता?"

"लगीन नंतर एकदाबी नही."

मला नानांची कीव आली नाही, किळस आली. ओसरीवर ते माझ्या भावाला मुंबईच्या जुन्या आखाजीची माहिती देत होते. मी बोचकं खाली ठेवलं आणि परसदाराची कडी काढली. सासूबाईंनी चुलीवरचं दूध उतरवलं आणि माझ्याआधी उंबरा ओलांडला.