खूण जुळली तरी...

कळंबच्या एका गिऱ्हाइकाची गाडी जॅकवर चढवली होती, तेव्हा फोन आला. माझे उस्ताद देवीदासभाऊ गेले... सकाळचा चहा घेतला आणि बसल्या जागी मान टाकली, वहिनी सांगत होत्या. हातातला पाना तसाच धरून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. त्याला आता महिना होऊन गेला.

आमचं घर यवतमाळचं, तीन पिढ्या कचेरीत खर्डेघाशी केलेलं. डिप्लोमा झाल्यावर मी बोरी अरबला भाऊंच्या गॅरेजात जायला लागलो, तेव्हा बाबांनी एका वर्षाची मुदत दिली. जमलं तर ठीक, नाहीतर परीक्षा देऊन मुकाट्यानं टेबलाशी बसायचं. भाऊ तांड्यावरचे, सातवी शिकलेले. मी पुस्तकं वाचलेला, म्हणून शिंगं फुटलेली. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, तरी थोडा हिसका उरतोच. तो मारायला काही इंजिनांत एकमेकांच्या उलट फिरणारे दोन दांडे बसवतात, बॅलन्स शाफ्ट, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात ऐटीत समजावलं. त्यांनी तीस वर्षं तेच हाताळलं होतं. तरी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचे आजे बैलाच्या दोन्ही अंगाले सारखं ओझं लादत. तेच हाय हे."

मग त्यांनी पुस्तकाबाहेरचं सांगितलं. काही इंजिनांत पट्टा बसवताना एका दांड्याच्या चाकावरची खूण बाहेरून जुळते, पण आतलं वजन उलटं बसलेलं असू शकतं. म्हणून बाजूच्या भोकातून पेचकस घालून बघायचा. खोल गेला तर बरोबर. अडला तर तेच चाक आणखी एक फेरा फिरवायचं. हे त्यांनी मला एकदा नाही, तीनदा सांगितलं.

वर्ष संपत आलं तेव्हा उमरखेडच्या एका गुरुजींची गाडी पट्टा बदलायला त्यांनी पूर्ण माझ्या हाती सोपवली. खूण जुळली आणि मी पेचकस घातलाच नाही. खूण दिसत असताना आत कशाला कोचायचं, हा माझा शहाणपणा. चार दिवसांत गुरुजी परत आले. साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, दुरुस्तीआधीच गाडी बरी होती, असं त्यांचं म्हणणं. नेमके त्याच दिवशी बाबा आलेले, मुदत संपली हे सांगायला. भाऊंनी चालू इंजिनावर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं. हे काम कोणी केलं, गुरुजींनी विचारलं.

"चूक माही हाय, गुरुजी," भाऊ म्हणाले. "पेचकस घालून पाहाचं, हे मी याले सांगतलंच नाही."

मी गप्प राहिलो. इंजिन पुन्हा मीच उघडलं. पेचकस बोटभर जाऊन अडला. चाकाला फेरा दिला, थरथर गेली. बाबा घरी गेले आणि परीक्षेचं नाव पुन्हा निघालं नाही. माझं गॅरेज, माझं घर, पोरांची शिक्षणं, सगळं भाऊंच्या त्या एका खोट्या वाक्यावर उभं आहे. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि खरं सांगायचं तर फिटावेत असं मला वाटतही नाही.

तेरवीहून परतल्यावर मात्र राहवलं नाही. बाबांना सांगून टाकलं की त्या दिवशी चूक माझी होती. बाबांनी पेपर खाली ठेवला.

"मले माहीत हाय. दुसऱ्याच दिवशी ऑफिसात आलता देवीदास. म्हणे, पोरगा चुकला, पण आता जन्मात चुकणार नाही. त्याले नेऊ नका."

मग इतकी वर्षं मला काहून नाही सांगितलं, मी विचारलं.

"तू आपल्या तोंडानं सांगशीन म्हणून वाट पाहून राह्यलतो," बाबा म्हणाले. "तो बी, मी बी."

परवा वहिनींकडून किल्ली घेऊन भाऊंचं गॅरेज उघडलं. त्यांचं स्टूल भिंतीशी होतं, वर फडक्याची घडी. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "भाऊ, तुम्ही सांगतलं होतं मले. तीनदा."