बसवराज सरांची विमानं

बसवराज सर कुठल्याही विमानात बसण्याआधी त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारत आणि इंजिनावरच्या पत्र्याला तळहात लावून क्षणभर थांबत, आजारी लेकराचं कपाळ पाहावं तसे. धाराशिवजवळच्या धावपट्टीवर मी शिकायला गेले, त्या पहिल्या सकाळी ते पाहून मला हसू आलं होतं. मी परंड्याची, वडिलांचं सायकलींचं दुकान. विमान म्हणजे जिना लावून चढायची वस्तू, एवढीच माझी समजूत. समोर मात्र दोन माणसांचं, खांद्याला खांदा लागेल असं इवलंसं विमान उभं होतं.

"सर, एवढंसंच?" मी विचारलं.

"व्हय. जीपपेक्षा हलकं हाय. वाऱ्याची झुळूक आली तरी तुला सांगतंय. मोठं इमान सांगत न्हाय, लपवतंय. शिकायचं तर बोलक्याकडनं शिकावं."

सर उमरग्याकडचे. घरात कन्नड, आमच्याशी मराठी आणि रेडिओवर अशी स्वच्छ इंग्रजी, की पलीकडच्याला ते विलायतेत वाढलेत असं वाटावं. आम्हा पोरापोरींना घाई होती ती परवाना मिळवून मोठ्या कंपनीच्या जेटमध्ये बसायची. सरांना ती घाई कळायचीच नाही. चहा पिताना ते विमानांबद्दल असं बोलत, जसं कुणी सोयऱ्यांबद्दल बोलावं. तरुणपणी त्यांनी फवारणीचं विमान चालवलं होतं. "त्यात एकच सीट. शेजारी बोलायला कुणी न्हाय, खाली कपाशी आन् समोर इजेची तार. नजर हलली की संपलं." पेशंट न्यायचं दोन इंजिनांचं विमान त्यांना फारसं आवडलं नव्हतं. "एक इंजिन रुसलं की दुसरं समद्या इमानाला एका अंगाला वढतंय. पायातलं पेडल दाबून समजूत घालत बसावं लागतंय." जीव होता तो ग्लायडरवर. "त्याला इंजिनच न्हाय. वारा देईल तेवढं घ्यायचं आन् गप बसायचं. मला गप बसायला त्यानं शिकवलं."

मला हे सगळं जुन्या माणसाचं कौतुक वाटायचं. ऐकायला गोड, पण माझ्या काय कामाचं?

दिवाळीच्या आधी, सोयाबीन निघालं होतं तेव्हा, आम्ही दोघं कळंबच्या बाजूला सराव करत होतो. इंजिन दोनदा खोकलं आणि त्याचा जोरच गेला. पंखा नुसता वाऱ्यानं फिरत राहिला. मी सरांकडे पाहिलं. ते समोर पाहत होते.

"नाक खाली घे. वेग जाऊ देऊ नको. आता हे ग्लायडर झालं, बाकी काय बिघडलं न्हाय."

"सर, तुम्ही घ्या ना."

"तुझ्या हातात बरं चाललंय. रान बघ. वारा कुठनं हाय?"

मी एक मोकळं, लांबट रान निवडलं. सरांनी रेडिओवर आमची जागा कळवली आणि पुन्हा गप्प झाले. चाकं टेकली, काळ्या मातीत दणके बसले आणि बांधाच्या अलीकडे विमान थांबलं. सरांनी पेट्रोलचा कॉक फिरवला, बटणं बंद केली आणि म्हणाले, "हो भाईर."

रानाचे मालक आणि मालकीणबाई धावत आले. बाईंच्या हातात पाण्याची कळशी होती. "कोण चालवत हुतं?" त्यांनी सरांना विचारलं.

"ही. परंड्याची हाय."

बाईंनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. दुसऱ्या दिवशी विमानाचे पंख उतरवून ते त्यांच्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून धावपट्टीवर आलं.

पुढे मी सरांना विचारलं, "तुम्ही हात का नाही घातला?"

"लई शिवशिवत हुते. मांडीखाली दाबून ठिवले. तू चुकली असतीस तर घेतलं असतं. चुकली न्हाईस."

त्यानंतर मला मोठ्या जेटची घाई राहिली नाही. मी तिथंच शिकवायला राहिले. काही वर्षांनी सरांच्या छातीनं दगा दिला, डॉक्टरांनी उडायला मनाई केली. त्यांनी तक्रार केली नाही. वर्गात शिकवता आलं तितकं शिकवलं आणि उमरग्याला निघून गेले.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना आणि त्यांच्या पत्नी गिरिजाकाकूंना बोलावून घेतलं. काकू सरांच्या विमानात कधी बसल्याच नव्हत्या. दरवेळी "पुढच्या खेपेला" म्हणत राहून गेलं होतं. चार आसनांच्या विमानात काकूंना मी माझ्या शेजारी बसवलं. सर मागे बसले. तुळजापूरच्या डोंगरावरून वळताना काकू खाली पाहत एकेक तळं ओळखू लागल्या. मी सरांना काही दाखवायला मागे वळले, तर त्यांची मान खिडकीला टेकलेली, डोळे मिटलेले. मी त्यांच्या छातीकडे पाहिलं. मग त्यांचा श्वास दिसला, संथ, एका लयीत.

"घरात दुपारी अंथरूण टाकलं तरी झोप लागत न्हाय ह्यांना," काकू म्हणाल्या. "उठवू का?"

"नको काकू, झोपू द्या."

मी धावपट्टीवर उतरले, विमान हँगरपाशी आणलं, इंजिन बंद केलं. त्या शांततेनं सरांना जाग आली. चष्मा सारखा करत त्यांनी बाहेर पाहिलं.

"उतरलो व्हय?" त्यांनी विचारलं.