घरात कोणी खोकत नाही

देवपुरातल्या जीवराम डॉक्टरांकडे माणूस नाइलाज झाल्याशिवाय जात नसे. सन चौतीस-पस्तीसची गोष्ट. बाकीचे डॉक्टर नाडी धरून बाटली भरून देत. हे बाबा आधी उलटतपासणी घेत. कफ कसल्या रंगाचा? जिनिंगच्या कारखान्यात कापसाची धूळ खाता का? घरात आणखी कोण खोकतं? लोक वैतागत आणि डॉक्टर त्यांच्या दुप्पट. "अहो, फुप्फुसं बरगड्यांच्या आत असतात! तुम्ही सांगाल तेवढंच मला कळणार," असं ते ओरडत.

एके सकाळी सोनगीरचे हिलालआबा सून मंदाबाईला घेऊन आले. पोरीचा खोकला हटत नव्हता. क्षय निघाला तर तिला माहेरी धाडायचं आणि तान्हं पोर ठेवून घ्यायचं, हे घरात ठरूनच गेलं होतं. पोराला तर आत्तापासूनच तिच्याजवळून काढून आबा आपल्या कुशीत निजवत होते. मंदाबाई पदराआड डोळे पुसत बसली होती.

"छातीत दुखतं का, बाई?"

"नही दुखत," आबा म्हणाले.

"रात्री घाम येतो?"

"नही येत."

"आबा, घाम तुम्हाला यायचा की तिला?"

"तिले काय इचारतस डाक्टर? मी सांगस ना!"

"बरं, तुम्हीच सांगा. घरात दुसरं कोणी खोकतं?"

"कोनीच नही," आबांनी ठणकावून सांगितलं.

डॉक्टरांनी पाठीला नळी लावली आणि खोकून मग खोल श्वास घ्यायला सांगितलं. पोरगी सासऱ्यासमोर खोकेचना! पदर तोंडात कोंबून लालबुंद झाली. "धन्य आहे बुवा! आता खोकायचीही लाज?" डॉक्टरांनी आबांना बाहेर घालवलं आणि बायकोला, कमलबाईंना, सोबतीला बोलावलं. तेव्हा कुठे मंदाबाई खोकली. फुप्फुसात खाली थोडी घरघर होती. क्षय बहुधा आधी धरतो तो वरचा भाग मोकळा वाटला.

इतक्यात दाराबाहेर कुणीतरी खोकलं. खोल, ओला, लांबलचक खोकला. मंदाबाईने झटकन पदर कपाळावर ओढला. डॉक्टर तसेच बाहेर धावले.

"आबा! हा खोकला कधीचा?"

"हाऊ काय आजार शे? घरमा शिरानं पहिले खाकरनं पडस. सुना पदर लेतस."

"आणि रक्त पडतं?"

"कधीमधी. उष्णता शे."

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. एवढे प्रश्न विचारले, पण घरातल्या कर्त्याचं खाकरणं कुणी खोकल्यात धरतच नव्हतं.

दोघांचे बेडके तपासायला मोठ्या दवाखान्यात गेले. सुनेच्या बेडक्यात काही निघालं नाही. आबांच्या बेडक्यात क्षयाचे जंतू निघाले.

"पोर आजपासून आईकडे," डॉक्टर म्हणाले. "त्यालाही घेऊन या, तपासतो. आणि तुम्ही वेगळे राहा."

 आबा हळूच म्हणाले, "डाक्टर, तिले तं माहेर व्हतं. मी कोठे जाऊ?"